एचिंगची किंमत विचारण्याआधी

जुन्या बाजारात, भंगारात किंवा वाड्याच्या माळ्यावर काळवंडलेल्या चौकटीतले एखादे छापील चित्र सापडले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : याचे किती येतील? आमचा आक्षेप पैशाला नाही, प्रश्नांच्या क्रमाला आहे. वस्तू कोणती हेच ठरलेले नसताना तिची किंमत कोण सांगणार? तरीही सांगणारे भेटतात, आणि बहुधा तेच ती विकत घेणारेही असतात. हिंगोली जिल्ह्यातल्या आमच्या गोरेगावात हळदीचा भाव एकट्या खरेदीदाराने घरी येऊन ठरवावा, हे कोणी मान्य करणार नाही. लिलाव त्यासाठीच असतो. चित्राच्या बाबतीत मात्र आपण ते मुकाट्याने मान्य करतो. का? तर हळद आपल्याला ओळखता येते, चित्र येत नाही.

ही ओळख तज्ज्ञांचीच मिरासदारी आहे, हा समज आधी सोडावा. एचिंगमध्ये तांब्याच्या पत्र्यावर मेणासारखा थर देतात, सुईने रेघा ओढून तांबे उघडे करतात आणि पत्रा आम्लात बुडवतात. आम्लाने खाल्लेल्या रेघांत शाई भरून पत्रा ओलसर कागदावर दाबतात. त्या दाबाने चित्राभोवती पत्र्याच्या कडेची खूण उमटते. ती बोटाला लागते. भिंगाखाली आम्लाच्या रेघेचे टोक बोथट दिसते, हत्याराने कोरलेली रेघ निमुळती होत जाते. एकसारख्या ठिपक्यांची शिस्तबद्ध जाळी दिसली, तर ती यंत्राने केलेली नक्कल समजावी. रविवर्मा छापखान्याची चित्रे शिळाछापाची. ती मोलाची असू शकतील, पण एचिंग नव्हेत. कागद उजेडासमोर धरला आणि जलचिन्हात साल दिसले, तर छापा त्या सालाआधीचा नाही एवढे कळते. त्या सालातला आहे असे मात्र सिद्ध होत नाही.

सहीचा हट्ट धरणाऱ्यांची आणखी वेगळी गंमत. छाप्याखाली पेन्सिलीने सही करण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळली. त्याआधीच्या छाप्यावर सही नाही म्हणून तो टाकाऊ ठरवणे म्हणजे ताम्रपटावर रबरी शिक्का नाही म्हणून तो खोटा ठरवण्यासारखे आहे. उलट, नाव थोर म्हणून छापाही थोर, असेही नाही. रेम्ब्रांटचे सतराव्या शतकातले काही पत्रे विसाव्या शतकातही छापले गेले. पत्रा झिजतो, रेघ मरते. नाव मात्र तेच राहते. छापा पत्र्याच्या कोणत्या अवस्थेतला, समास कापलेला आहे की शाबूत, कागद पिवळा पडलेला की डागाळलेला, यांवर किंमत ठरते. नुसते नाव वाचून भाव सांगणारा मूल्यांकन करत नाही, सौदा करतो.

लंडनच्या लिलावांचे आकडे फेकणाऱ्यांनाही एक विचारायचे आहे. १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकृती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. मग जो माल लंडनला कायदेशीर जाऊच शकत नाही, त्याला लंडनचा भाव कसा लावता?

पण खरा मुद्दा याही पलीकडचा आहे. मराठवाड्याच्याच दुसऱ्या टोकाला असलेल्या वेरूळचे उदाहरण घ्या. १८०३ साली लंडनला वेरूळच्या लेण्यांची चोवीस दृश्ये प्रसिद्ध झाली. ती ॲक्वाटिंटची, म्हणजे एचिंगच्याच एका प्रकाराची. मुखपृष्ठावर नावे दोन : रेखाटणारा जेम्स वेल्स आणि छापे सिद्ध करणारा टॉमस डॅनियल. वेल्स १७९५ मध्येच वारला होता. त्याच्याही आधी पुण्याचा गंगाराम चिंतामण तांबट इंग्रज वकील चार्ल्स मॅलेटसाठी ही लेणी रेखाटत होता. त्याचे नाव मुखपृष्ठावर नाही. त्याची रेखाटने आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. वेरूळचे सुटे पान हाती आल्यावर बाजार डॅनियल वाचतो, वेल्स वाचतो आणि आकडा सांगतो. गंगाराम त्या आकड्यात कुठेच नसतो. तांब्यावरचे काम आपल्याला परके होते असेही नाही. १८०५ साली मिरजेस गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने तांब्याच्या पत्र्यांवरून भगवद्गीता छापली गेली, आणि ते पत्रे कोरणारा हातही तांबटाचाच होता. हा इतिहास ठाऊक नसलेल्या समाजाला एका कागदाची किंमत काय कळणार?

म्हणून आमचे म्हणणे इतकेच. सापडलेले चित्र लॅमिनेट करू नका, पुसू नका, चिकटपट्टी लावू नका, चौकटीत बसावे म्हणून त्याचे समास कापू नका. कोठे सापडले, चौकटीमागे काय लिहिले आहे, पत्र्याचे माप किती, हे लिहून ठेवा. दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढा. ज्याला ते घ्यायचे नाही अशा जाणकाराला आधी दाखवा. आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या ग्रंथालयांनी व महाविद्यालयांनी निदान अशी एक नोंदवही उघडावी, ज्यात गावोगावच्या चित्रांची ही माहिती उतरेल. त्याला ना मोठी इमारत लागते, ना अनुदान. एवढे झाल्यावर खुशाल विका. विकणे हा गुन्हा नाही; काय विकले हे कायमचे अज्ञात राहू देणे हा मात्र आम्ही अपराधच मानतो. चित्र गेले तरी नोंद उरते. नोंदच नसेल, तर पुढच्या गंगारामाचे नावही आपल्याच हाताने पुसले जाईल.