समुद्रातील तेल आणि शेतकऱ्याची थैली

सप्टेंबर 2025 च्या अखेरीस अंदमानच्या समुद्रात श्रीविजयपुरम-2 नामक विहिरीत नैसर्गिक वायू आढळल्याची वार्ता सरकारतर्फे प्रसिद्ध झाली. किनाऱ्यापासून सुमारे 17 किलोमीटरवर, 295 मीटर खोल पाण्यात ऑइल इंडिया कंपनीने ही विहीर पाडली होती. त्याच वर्षीच्या जूनमध्ये केंद्रीय पेट्रोलियम मंत्र्यांनी त्या समुद्रात गयानासारखे मोठे तेलक्षेत्र सापडण्याची आशा बोलून दाखविली होती. ती आशाच होती. परंतु सांगोल्याच्या आठवडे बाजारापर्यंत येईतो तिचे ‘सापडले’ असे झाले, आणि व्हॉट्सअॅपवर लक्ष कोटींचे आकडेही तिला चिकटले. डाळिंबाची पट्टी नुकतीच हाती पडलेल्या मंडळींत तेलाचे शेअर घ्यावेत काय, अशी कुजबुज सुरू झाली. ती अद्याप थांबलेली नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

तेल म्हटले की आमच्या तालुक्यास प्रथम डाळिंबावरील तेल्या आठवावयाचा, शेअर नव्हे. परंतु काळ पालटला आहे. शेअर घेणे हे पाप आहे असे आमचे म्हणणे नाही. ‘सापडले’ या शब्दाचा अर्थ काय, एवढेच वाचकांस सांगावयाचे आहे. आणि महसूल खात्यात कारकुनी करून निवृत्त झालेल्या मनुष्यास तो सांगण्याचा थोडा अधिकार पोहोचतो, असे आम्हांस वाटते.

आमच्या दप्तरात पिकाची प्रथम नजर पैसेवारी लागत असे. लोक तीस अजूनही आणेवारीच म्हणतात. उभे पीक डोळ्यांनी पाहून आकडा धरावयाचा. पुढे पीक कापणी प्रयोग होऊन, प्रत्यक्ष दाणा तोलून अंतिम पैसेवारी ठरे. नजरेत साठ पैसे दिसलेले गाव अंतिमास पन्नासांच्या खाली गेल्याची उदाहरणे आम्ही स्वहस्ते लिहिली आहेत. तेलवायूच्या साठ्याचा पहिला आकडा ही नजर पैसेवारीच होय. फरक इतकाच की येथे पीक डोळ्यांस दिसतही नाही. भूगर्भात आहे किती, त्यातून वर काढता येईल किती, आणि काढून परवडेल किती, हे तीन आकडे निरनिराळे असतात. वर्तमानपत्रात मथळा होतो तो बहुधा पहिल्याचा.

कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या समुद्रातील केजी-डी6 या क्षेत्राचे उदाहरण घ्यावे. तेथे रिलायन्सला मोठा वायूसाठा लागल्याची घोषणा ऑक्टोबर 2002 मध्ये झाली. वायू प्रत्यक्ष वाहू लागला तो एप्रिल 2009 मध्ये, म्हणजे मध्ये साडेसहा वर्षे गेली. योजना होती दररोज 80 दशलक्ष घनमीटरांची. 2010 मध्ये उत्पादन 60 च्या वर गेले, आणि तेथून जे उतरणीस लागले ते 2014 पर्यंत 15 च्याही खाली आले. मुख्य दोन क्षेत्रे फेब्रुवारी 2020 मध्ये बंदच पडली. कंपनीचे म्हणणे, भूस्तर अपेक्षेहून निराळा निघाला, विहिरींत पाणी व वाळू शिरली. सरकारचे म्हणणे, ठरल्याइतक्या विहिरी पाडल्याच नाहीत. हा तंटा लवादापुढे गेला. रिलायन्सला अन्य पुष्कळ धंदे असल्याने तिने हा धक्का पचविला. परंतु कॅनडातील निको रिसोर्सेस या कंपनीचा त्यात 10 टक्के हिस्सा होता, आणि तिचा मोठा भरवसा या वायूवर होता. तिचा शेअर एके काळी तेथील 100 डॉलरांच्या वर होता. 2015 संपता संपता तो एका डॉलरच्याही खाली गेला. तेथील कित्येक सामान्य गृहस्थांची पुंजी आपल्या पूर्वकिनाऱ्याच्या वाळूत रुतली ती अशी.

इतके लिहून आपली स्वतःची गोष्ट लपविणे बरे नव्हे. 2009 साली आम्ही विहीर दोन परस खोल करण्याकरिता 60,000 रुपये बाजूस ठेविले होते. वायू सुरू झाल्याच्या बातम्यांनी डोके फिरले, आणि कचेरीतील एका स्नेह्याच्या सांगण्यावरून ती रक्कम आम्ही एका तेल कंपनीच्या शेअरांत घातली. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण दोष तिचा नव्हता. पुढे 2012 चा दुष्काळ आला. मे महिन्यात बाग वाचविण्यास टँकर लावावयाचा, तेव्हा शेअर विकावयास काढले, 38,000 आले. ते टँकरात गेले आणि तीनशे झाडे तरीही वाळली. घरच्या मंडळींनी एवढेच विचारले, “समुद्रातली विहीर बघत बसलात, आपली कधी बघणार?” त्यास आमच्यापाशी उत्तर नव्हते.

मुंबई हायचे उदाहरण कोणी देईल, आणि ते योग्यच आहे. फेब्रुवारी 1974 मध्ये ‘सागर सम्राट’ या तरत्या यंत्राने तेथे तेल लागले व मे 1976 मध्ये उत्पादनही सुरू झाले. देशाला त्याने फार मोठा आधार दिला. परंतु त्या वेळी तेल व नैसर्गिक वायू आयोग हे सरकारी मंडळ होते. त्याचे शेअरच नव्हते, मग सांगोल्याचा शेतकरी घेणार काय? सरकारने मोठी विक्री काढली ती मार्च 2004 मध्ये, शोधानंतर तीस वर्षांनी. त्या वेळी ज्यांनी घेऊन धरून ठेविले त्यांस लाभांश व बोनस मिळत आले, हे आम्ही मान्य करतो. मात्र त्यांनी चालती विहीर पाहून पैसा घातला होता, पाणाड्याचा नारळ उभा राहिलेला पाहून नव्हे.

आणखी एक. वार्ता आपल्या हाती येते तेव्हा मुंबईच्या बाजारातील जाणत्यांनी ती कधीच वाचलेली असते आणि भाव तिच्यासह वर चढलेला असतो. सौद्यात डाळिंब दीडशेने गेले हे दुसऱ्या दिवशी ऐकून कच्ची फळे तोडणाऱ्यासारखी आपली गत होते. ज्याचे कर्ज फिटले आहे, पुढील बहाराची खते-औषधे भरली आहेत, आणि जो पैसा पाच-सात वर्षे लागणारच नाही, त्याने तो कोठे घालावा हा त्याचा प्रश्न. अशी घरे आमच्या तालुक्यात किती, हे वाचकांनी आपापल्या गावापुरते मोजून पाहावे.

गेल्या पंधरवड्यात आमच्या शेजारच्या वस्तीवरील एक तरुण भ्रमणध्वनी घेऊन आला. दीड लाख रुपये आहेत, अंदमानच्या कंपनीत टाकू काय, असे त्याने विचारले. शेततळ्याचा कागद गेल्या उन्हाळ्यात फाटला होता तो बदललास काय, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, “नाही काका, राहून गेलं.” मग आम्ही दोघे तळ्यावर गेलो. तळाशी ढोपरभर गढूळ पाणी होते आणि दोन ठिकाणी माती उघडी पडली होती. मंगळवारी तो कागदाचा भाव काढावयास पंढरपुरास गेला.