लिटर आणि किलो

शाळेंतून रसायनशास्त्राचीं गणितें घरीं आलीं म्हणजे घरोघरीं एकच अडचण दिसून येते. घनता म्हणजे वस्तुमान भागिलें आकारमान, हें सूत्र मुलांस मुखोद्गत असतें. परंतु प्रत्यक्ष उदाहरणांत गुणावें कीं भागावें, येथें गाडें अडतें. आमच्या मतें हा दोष बुद्धीचा नसून आंकड्यापुढें परिमाण न लिहिण्याच्या सवयीचा आहे.

भिवंडी हें भातपिकाच्या टापूंतलें गांव. येथील वडील मंडळींस मापाचा शेर व वजनाचा शेर यांतील भेद पुस्तकावांचून ठाऊक होता. चार शेरांची पायली ती मापाची; ऐंशी तोळ्यांचा शेर तो वजनाचा, म्हणजे सुमारें ९३३ ग्रॅम. एकाच मापानें पोहे व तांदूळ भरले तर वजन सारखें उतरत नाहीं, हीच घनता. १९५६ च्या कायद्यानें दशमान पद्धति स्वीकारली गेली, १९५८ पासून ती अमलांत येऊं लागली, आणि मापास लिटर व वजनास किलो अशीं निराळीं नांवें मिळालीं. तरीही तीं एकच समजण्याची चूक सर्रास होते.

तेलाचा डबाच घ्या. खाद्यतेलाचें एक लिटर साधारणपणें ०.९१ किलो भरतें. १५ लिटर गुणिलें ०.९१ किलो प्रतिलिटर असें लिहिलें कीं लिटर लिटरानें उडतो व उरतात १३.६५ किलो. उलट १५ किलोंस ०.९१ नें भागिलें असतां किलो उडून सुमारें १६.५ लिटर येतात. गुणाकार कीं भागाकार, हें परिमाणच सांगतें. दोन्ही डबे एकाच भावानें घेणारा गृहस्थ लिटरच्या डब्यांत १.३५ किलो तेलास मुकतो.

याहून बारीक मेख तपमानाची. उष्णतेनें तेल फुगतें व घनता घटते. सोयाबीनचें एक लिटर तेल २१ अंश सेल्सिअसला ९१९ ग्रॅम, तर ६० अंशांस ८९२.६ ग्रॅम भरतें. पिशवीवर ६० अंश छापले कीं लिटरही खरा आणि गिऱ्हाइकाचे २६ ग्रॅमही गेले! म्हणूनच केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्यानें ऑगस्ट २०२२ मध्यें उत्पादकांस बजाविलें कीं, तपमानाचा उल्लेख गाळून आकारमानाबरोबर वजनही छापावें.

तेव्हां पालकांस आमची सूचना अशी कीं, मुलांस कोठींतल्या पिशवीवरील दोन्ही आंकडे वाचावयास लावून तेलाची घनता काढवावी. मात्र प्रत्येक आंकड्यापुढें परिमाण लिहिल्याखेरीज पुढची पायरी करूं देऊं नये.