पेडल म्हणजे बटण नव्हे

पिंपळे गुरवच्या निळू फुले नाट्यगृहात भावगीतांचा कार्यक्रम असो की चिंचवडच्या रामकृष्ण मोरे प्रेक्षागृहात, पियानोचे काम कीबोर्डच करतो. त्यासाठी ग्रँड पियानो टेम्पोत घालून कोणी आणत नाही. आपल्या बहुतेक श्रोत्यांच्या कानावर पडतो तो सँपलमधून, म्हणजे ध्वनिमुद्रित स्वरांतून, घडवलेला पियानो. आजच्या सँपलमधला सुटा स्वर ऐकला तर नाव ठेवायला जागा नसते. स्वर एकमेकांत मिसळू लागले की मात्र नक्कल उघडी पडते, आणि दोष बहुधा स्वर लांबवणाऱ्या सस्टेन पेडलच्या हाताळणीत सापडतो.

1983 साली आलेल्या मिडी या डिजिटल वाद्यांच्या मानकाने या पेडलला 64 क्रमांकाचा कंट्रोलर दिला: मूल्य 63 पर्यंत असेल तर पेडल सुटलेले, त्यापुढे दाबलेले. खऱ्या पियानोत असा काटेकोर उंबरठा नाही. पेडल दाबले की तारांचा नाद थांबवणारे डॅम्पर उठतात आणि न वाजवलेल्या ताराही सतारीच्या तरफांसारख्या गुंजू लागतात. ते अर्धवट सोडले तर डॅम्पर तारांना जेमतेम टेकतात. वरचे स्वर विझतात, खर्जाच्या जाड तारा मात्र घुमत राहतात. शिवाय वादक सहसा आधी नवा कॉर्ड वाजवतो आणि क्षणभराने पेडल दाबतो. संगणकावर पियानोचा आवाज देणारी अनेक प्लगिन ‘पेडल दाबलेले’ सँपल निवडतात ते पट्टी दाबण्याच्या क्षणी. म्हणजे मेहनतीने ध्वनिमुद्रित केलेला तो संच नेहमीच्या वादनात नेमका हवा तिथे वाजतच नाही.

वाद्यवृंदाच्या गलक्यात हे कोणाला ऐकू येते, असा आक्षेप घेतला जातो. ढोलकी आणि बेस गिटार जोरात असताना तो खराही आहे. पण संथ भावगीतात गायक श्वास घेतो तेव्हा उघडा पडतो तो पियानोच. तिथे आधीच्या कॉर्डचा गढूळपणा किंवा स्वर कापल्यासारखा तुटणे लपत नाही. दुसरा आक्षेप संगणकावरच्या भाराचा. 2006 साली आलेल्या पियानोटेक या प्लगिनने सँपलऐवजी तारांचे कंपन गणिताने घडवून ही अडचण अटळ नसल्याचे दाखवले आहे. अनेकांकडे साधे स्विच-पेडल असते, हेही खरे. परंतु त्यामुळे ज्याच्याकडे अर्धे पेडल ओळखणारे पेडल आहे, त्यालाही प्लगिनने बटणच का द्यावे?

प्लगिन बाजारात आणण्यापूर्वी किंवा विकत घेण्यापूर्वी तीन गोष्टी तपासा. खर्जाची पट्टी सोडून लगेच पेडल दाबा: उरलेली आस टिकली पाहिजे. कॉर्ड धरून मागाहून पेडल दाबा: गुंजन वाढले पाहिजे. पेडल हळूहळू सोडा: नाद टप्प्याटप्प्याने ओसरला पाहिजे. यात जे नापास होईल, त्याच्या सँपलचा आकार कितीही गिगाबाइट असो, संथ साथीसाठी ते घेऊ नका.