मोजपट्टी प्रतिस्पर्ध्याच्या हाती

१/ १९६८, नोव्होसिबिर्स्क. टी-३ टोकामाकमधील प्लाझ्मा सुमारे १ कोटी अंशांपर्यंत तापला, असे सोव्हिएत शास्त्रज्ञ लेव्ह आर्त्सिमोविच यांनी सांगितले. पाश्चात्त्यांचा विश्वास बसेना. त्यांच्या यंत्रांत प्रक्षुब्ध प्लाझ्मा चुंबकीय कोंडणातून क्षणार्धात निसटत असे. शिवाय १९५८ मध्ये ब्रिटनला ‘झीटा’ यंत्राविषयीचा स्वतःचाच दावा मागे घ्यावा लागला होता.

२/ आर्त्सिमोविच यांनी ब्रिटिशांनाच मोजणीस बोलावले. १९६९ मध्ये कलहॅमच्या पथकाने मॉस्कोत लेझरने तापमान मोजले. दावा खरा ठरला. पुढे प्रिन्स्टननेही आपल्या स्टेलरेटरचे टोकामाक केले.

३/ या यशाचे श्रेय केवळ यंत्राला देणे अन्यायाचे आहे. ऐन शीतयुद्धात प्रतिस्पर्ध्याच्या हाती मोजपट्टी देण्याचे धैर्य नसते, तर खरा आकडाही प्रचार म्हणूनच विस्मृतीत गेला असता.