संगणकावरील वेळेची वही कोणाच्या हाती?

कळंब्याच्या तलावात पाणी किती उरले, हे मोजपट्टी सांगते. गेलेले पाणी कोणाच्या कामी आले, हे तिला सांगता येत नाही. संगणकावर कोणता प्रोग्राम किती वेळ वापरला, याची नोंद ठेवणाऱ्या साधनांबाबत नेमका हाच भेद विसरला जात आहे.

अशी नोंद मुळात वाईट नव्हे. घरखर्चाची वही ठेवणाऱ्यास पैसा कोठे गेला ते कळते. मग वेळ कोठे गेला, हे कळावयास हरकत कोणती? २०१८ साली अ‍ॅपल व गूगल यांनी मोबाइलमध्येच ही सोय आणली. विंडोजमध्ये ‘अ‍ॅप हिस्टरी’ २०१२ पासूनच आहे; मात्र तीत दिसतो तो यंत्राच्या प्रोसेसरचा वेळ, माणसाचा नव्हे. अ‍ॅक्टिव्हिटीवॉचसारखे मोफत साधन पडद्यावर पुढे कोणती विंडो आहे ते सतत टिपते, कळफलक व माउस काही काळ स्तब्ध राहिले की माणूस जागेवर नाही असे मानते, आणि सारी नोंद वापरणाऱ्याच्याच संगणकात ठेवते. परीक्षेच्या तयारीतील विद्यार्थ्याने आठवडाभर ती पाहावी; स्वतःविषयीचे त्याचे बरेच अंदाज कोसळतील.

हीच वही साहेबाच्या टेबलावर गेली, की तिचा अर्थ पालटतो. कळंब्याहून रोज कोल्हापुरात कचेरी गाठणारा कारकून अर्धा तास कागदी फाइल तपासत बसला, तर यंत्राच्या लेखी तो रिकामा. नुसते माउस हलवीत बसणारा मात्र उद्योगी! टेलरच्या ‘शास्त्रीय व्यवस्थापना’ने कामगारामागे घड्याळ लावले, तेव्हा निदान लोखंड किती उचलले हे तरी मोजले जात होते. शिवाय विंडोच्या शीर्षकात पत्राचा विषय असतो, आजाराचे नावही असू शकते.

खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितले. तरीही २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या सातव्या कलमाने नोकरीविषयक कारणांसाठी संमतीवाचून माहिती हाताळण्यास वाट ठेवली आहे. ही वाट किती रुंद, हे मालकाने एकट्याने ठरवू नये. निदान काय टिपले जाते हे कर्मचाऱ्यास आधी लेखी कळावे, स्वतःची नोंद त्यास पाहता यावी, आणि वार्षिक गोपनीय अहवालात तिचा आधार घेण्यापूर्वी त्याचा खुलासा मागवला जावा. कर्मचारी संघटनांच्या मागण्यांच्या यादीत महागाई भत्त्याखाली एवढी एक ओळ सहज मावेल.