टोनी नामांकनांचे अंदाज : नाव मोठे, लक्षण खोटे

ब्रॉडवेवर दरवर्षी एप्रिल उजाडला की दोन गोष्टींची एकच घाई उडते. एकीकडे मोसमाची मुदत संपण्यापूर्वी नव्या संगीतिकांचे शुभारंभाचे प्रयोग पार पाडले जातात. दुसरीकडे यांपैकी कोणत्या संगीतिका टोनी पुरस्कारांच्या 'सर्वोत्कृष्ट संगीतिका' या मानाच्या विभागात नामांकन मिळवतील, याचे आडाखे बांधले जाऊ लागतात. हा नाट्यवेड्यांचा नुसता विरंगुळा नव्हे. एका भव्य संगीतिकेमागे आज दोन कोटी डॉलर किंवा त्याहून अधिक भांडवल गुंतलेले असते आणि नामांकन हुकल्यास काही आठवड्यांत तिच्यावर कायमचा पडदा पडू शकतो. तथापि, २०२३ ते २०२५ या तीन वर्षांच्या नामांकनांचा ताळेबंद मांडला, तर मोठे नाव आणि सोयीची तारीख पाहून बांधलेले अंदाज फसलेले दिसतात. संगीतिका ब्रॉडवेवर येण्यापूर्वी कोठे पारखली गेली, हे पाहणारे मात्र त्या मानाने सत्याच्या जवळ पोहोचलेले आढळतात.

निवडणारे वेगळे, जिंकवणारे वेगळे

अभिनेत्री व दिग्दर्शिका अँटोनेट पेरी यांच्या स्मरणार्थ १९४७ मध्ये सुरू झालेले हे पुरस्कार अमेरिकन थिएटर विंग आणि ब्रॉडवे लीग या दोन संस्था मिळून देतात. किमान ५०० आसनांच्या ४१ ब्रॉडवे नाट्यगृहांतील नाटके त्यासाठी पात्र ठरतात. सर्वोत्कृष्ट संगीतिकेचा पहिला पुरस्कार १९४९ मध्ये 'किस मी, केट'ला मिळाला होता.

अंदाज बांधताना अनेकदा विसरली जाणारी बाब म्हणजे या स्पर्धेचे दोन स्वतंत्र टप्पे. नामांकने ठरविणारी समिती लहान, सुमारे पन्नास-साठ जणांची असते. मोसमातील पात्र नाटके पाहणे सदस्यांना बंधनकारक असते आणि त्यांचे कोणत्याही स्पर्धक नाटकात आर्थिक हितसंबंध असू नयेत, असा दंडक आहे. विजेता निवडणारे मतदार मात्र आठशेहून अधिक असून त्यांत निर्माते आणि अमेरिकेतील शहरोशहरी दौऱ्यांचे प्रयोग लावणारे व्यावसायिकही असतात. साहजिकच, 'दौऱ्यावर काय चालेल' हा विचार अंतिम मतदानात डोकावू शकतो. नामांकनाच्या टप्प्यावर त्याला फारसा वाव नसतो. तिकीटबारीचे आकडे पाहून नामांकनाचे भाकीत करणारे नेमके येथेच चकतात.

जागांची संख्याही स्थिर नसते. २०२३, २०२४ आणि २०२५ मध्ये प्रत्येकी पाच संगीतिकांना नामांकन मिळाले. २०२२ मध्ये सहा होत्या. करोनामुळे अर्धवट राहिलेल्या २०१९-२० च्या मोसमात जेमतेम चार नव्या संगीतिका पात्र होत्या आणि समितीने त्यांतील तिघींनाच स्थान देऊन 'द लाइटनिंग थीफ'ला वगळले. उलट २०२४ मध्ये पाच जागांसाठी पंधरा नव्या संगीतिका रांगेत होत्या.

नाव पुरेसे नाही

अँड्र्यू लॉइड वेबर हे ब्रॉडवेवरील सर्वांत वजनदार नावांपैकी एक. त्यांच्या 'बॅड सिंडरेला'ला २०२३ मध्ये एकाही विभागात नामांकन मिळाले नाही आणि त्या वर्षीच्या ४ जून रोजी ती बंद पडली. त्याबरोबर ब्रॉडवेवर वेबर यांची किमान एक कलाकृती सुरू असण्याचा चार दशकांहून अधिक काळचा प्रघातही खंडित झाला. 'विकेड'मुळे घराघरांत पोहोचलेल्या इडिना मेन्झेल यांची 'रेडवुड' २०२५ मध्ये अशीच पूर्णपणे रिक्तहस्त राहिली. एल्टन जॉन यांचे संगीत असलेल्या 'टॅमी फे'चा शुभारंभ १४ नोव्हेंबर २०२४ रोजी झाला आणि ८ डिसेंबरला ती आटोपलीदेखील. गाजलेल्या दूरचित्रवाणी मालिकेवर आधारित 'स्मॅश'लाही सर्वोत्कृष्ट संगीतिकेच्या यादीत जागा मिळाली नाही.

अर्थात, याचा अर्थ समितीला प्रसिद्धीचे वावडे आहे, असा नव्हे. अलिशिया कीज यांच्या गीतांवर उभ्या असलेल्या 'हेल्स किचन'ला २०२४ मध्ये तब्बल १३ नामांकने मिळाली, तर चित्रपटावरून रंगभूमीवर आलेली 'डेथ बिकम्स हर' २०२५ मध्ये १० नामांकनांसह आघाडीवर होती. नाव आड येत नाही; पण नाव तारतही नाही.

तारखेचा भ्रम

मुदतीच्या तोंडावर येणारी संगीतिका समितीच्या स्मरणात ताजी राहते, हा आणखी एक रूढ समज. आकडे मात्र त्याला दुजोरा देत नाहीत. २०२४ मधील पाचही नामांकित संगीतिका मार्च-एप्रिलमध्ये रंगभूमीवर आल्या होत्या, हे खरे. परंतु २०२३ मध्ये 'किम्बर्ली अकिम्बो', 'अँड ज्युलिएट' आणि 'सम लाइक इट हॉट' या तिघी नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच आलेल्या होत्या व पुरस्कार 'किम्बर्ली अकिम्बो'ने पटकावला. २०२५ ची विजेती 'मेबी हॅपी एंडिंग' ही तर १२ नोव्हेंबर २०२४ ची. सोलमधील दोन जुनाट यंत्रमानवांची ही प्रेमकथा सुरुवातीला तिकीटबारीवर रेंगाळली होती. प्रेक्षकांच्या तोंडी प्रसिद्धीने तिला उभारी दिली आणि अखेर सहा टोनी तिच्या पदरात पडले.

कसोटीचा दगड

मग विश्वासार्ह खूण कोणती? २०२४ आणि २०२५ या दोन वर्षांतील दहाही नामांकित संगीतिकांमध्ये एक समान धागा आहे : त्यांपैकी एकही थेट ब्रॉडवेवर उतरलेली नव्हती. 'सफ्स' आणि 'हेल्स किचन' न्यूयॉर्कच्याच पब्लिक थिएटरमध्ये घडल्या, 'बुएना व्हिस्टा सोशल क्लब' अटलांटिक थिएटरमध्ये. 'द आउटसायडर्स' कॅलिफोर्नियातील ला होया येथून आली आणि २०२४ ची विजेती ठरली. 'वॉटर फॉर एलिफंट्स' अटलांटात, तर 'डेथ बिकम्स हर' शिकागोत तपासून घेतली गेली. 'मेबी हॅपी एंडिंग' २०१६ मध्ये सोलला आणि २०२० मध्ये अटलांटात रंगली होती. 'ऑपरेशन मिन्समीट'चा प्रवास तर लंडनमधील ८० आसनांच्या छोट्या नाट्यगृहापासून २०१९ मध्ये सुरू झाला. ऑलिव्हिए पुरस्कार खिशात घालूनच ती २०२५ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचली.

कारण उघड आहे. गीत कोठे लांबते, दुसरा अंक कोठे ढेपाळतो, हे तालमीत नव्हे, तर प्रेक्षकांसमोरच कळते. लहान रंगमंचावर ही दुरुस्ती स्वस्तात होते. ब्रॉडवेवर तिची किंमत दर आठवड्याला लाखो डॉलरमध्ये मोजावी लागते. तरीही हा निकष म्हणजे हमी नव्हे. 'टॅमी फे' लंडनमध्ये, 'रेडवुड' ला होयात आणि 'बूप' शिकागोत आधी झाल्याच होत्या. शिवाय २०२३ मध्ये 'सम लाइक इट हॉट' आणि 'न्यूयॉर्क, न्यूयॉर्क' या थेट ब्रॉडवेवर येऊनही नामांकित ठरल्या. पूर्वपरीक्षा दिलेली संगीतिका उत्तीर्ण होईलच असे नाही. पूर्वपरीक्षा न देणारीची शक्यता मात्र कमी होते, इतकाच निष्कर्ष काढता येतो.

नामांकन म्हणजे जीवदान?

'द हार्ट ऑफ रॉक अँड रोल'ला २०२४ मध्ये एकही नामांकन मिळाले नाही. २३ जूनला ती थांबली. 'लेम्पिका'ला तीन नामांकने मिळाली, पण मुख्य विभागात नाही. १९ मे रोजी तिचाही गाशा गुंडाळला गेला. येथपर्यंतचे गणित सरळ वाटते. परंतु 'डेड आउटलॉ'ने २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट संगीतिकेसह सात नामांकने मिळवली, पुरस्कार एकही नाही, आणि सोहळ्यानंतर तीनच आठवड्यांत, २९ जूनला, ती बंद झाली. याउलट 'द ग्रेट गॅट्सबी'ला केवळ वेशभूषेचे नामांकन असूनही प्रेक्षकांनी तिला उचलून धरले. ज्या संगीतिकेपाशी ओळखीचे शीर्षक नाही, तिला नामांकनाची गरज सर्वाधिक असते; पण ते मिळूनही ती तरेलच असे नाही.

अर्थकारणच तसे निर्दय आहे. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने सप्टेंबर २०२५ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार, करोनानंतर ब्रॉडवेवर आलेल्या ४६ नव्या संगीतिकांपैकी तोवर केवळ तीन नफ्यात आल्या होत्या : 'सिक्स', 'एमजे' आणि 'अँड ज्युलिएट'. तिन्ही नामांकित होत्या, मात्र सर्वोत्कृष्ट संगीतिकेचा पुरस्कार एकीलाही मिळालेला नव्हता.

मुंबईचा अनुभव

मुंबईकरांना या गणिताचा एक जुना दाखला स्मरेल. ए. आर. रहमान यांचे संगीत असलेली 'बॉम्बे ड्रीम्स' लंडनमध्ये २००२ पासून गाजून २९ एप्रिल २००४ रोजी ब्रॉडवेवर दाखल झाली. पूर्वपरीक्षा झालेली, तारीख सोयीची, नावे मोठी. नृत्यदिग्दर्शनासाठी अँथनी व्हॅन लास्ट यांच्यासह फराह खान यांना, तसेच वेशभूषा व वाद्यवृंदरचना यांसाठी नामांकने मिळालीही. सर्वोत्कृष्ट संगीतिकेच्या यादीत मात्र तिचे नाव नव्हते. १ जानेवारी २००५ रोजी तिचा अखेरचा प्रयोग झाला. २००४ मध्येच 'विकेड'ला मागे टाकून 'ॲव्हेन्यू क्यू'ने पुरस्कार जिंकला होता. पण 'विकेड'ने पुढे दोन दशकांहून अधिक काळ ब्रॉडवेवर मुक्काम ठोकला.

तात्पर्य, नामांकनांचा अंदाज बांधायचा असेल, तर जाहिरातफलकावरील नावापेक्षा त्या संगीतिकेचा पूर्वेतिहास चाळणे अधिक श्रेयस्कर. ती किती काळ चालेल, याचे उत्तर मात्र ना समितीपाशी असते, ना मतदारांपाशी. ते तिकिटासाठी पैसे मोजणाऱ्या प्रेक्षकाकडेच असते.