गाठ पडली, सटकली!

बॉस, एक सांगा. दोरी घेताना तुम्ही काय बघता? रंग? किंमत? की पाकिटावर छापलेले किलो? मी किलो बघितले होते. आणि म्हणूनच गेल्या जूनमध्ये राजमाचीला, काजवे बघून झाल्यावर, रात्री अडीच वाजता माझा रूममेट हॅमॉकसकट जमिनीवर आला. आधी वरच्या ताडपत्रीची दोरी सरकली. साचलेलं पाणी त्याच्या तोंडावर. तो धडपडून उठायला गेला आणि हॅमॉकची गाठ सुटली. थेट माकडहाड! पुढचे तीन दिवस साहेब ऑफिसात सगळ्या मीटिंगा उभ्यानं करत होते.

"अरे, पण मी निरगाठ मारली होती!" हे त्याचं पालुपद. मारली होती, खरंच. एकावर एक तीन. दोरी तुटलीही नव्हती, बॅटरीच्या उजेडात बघितली तर अगदी नवीकोरी. फक्त गाठ तेवढी गायब.

घोळ दोरीच्या जातीत होता. आम्ही आणली होती ती यूएचएमडब्ल्यूपीई असं भयंकर नाव असलेल्या धाग्याची. म्हणजे पॉलिथिलीनच, आपल्या कॅरीबॅगचा जिमला जाणारा चुलतभाऊ. वजनाच्या मानानं पोलादापेक्षा दणकट, ताण दिला तरी फारशी लांबत नाही, पाणी पीत नाही. एकदम सही! पण हा धागा इतका गुळगुळीत, की गाठीतले वेढे एकमेकांना धरूनच ठेवत नाहीत. गाठ टिकते घर्षणावर. तेच नसेल तर ते छापलेले किलो घेऊन काय करायचं? जाणकार मंडळी अशा दोरीला शक्यतो गाठ मारतच नाहीत. तिचं टोक तिच्याच पोटात ओवून फास करतात. ते जमत असेल तर खुशाल घ्या.

आणि किलोंचा हिशेबही आपण करतो तसा नसतो. 60 किलोंचा माणूस, दोन झाडं, म्हणजे प्रत्येक दोरीवर 30 किलो, असंच वाटतं ना? चूक. दोरी जमिनीशी 30 अंशांचा कोन करत असेल तर प्रत्येक बाजूला पूर्ण 60 किलोंचा ताण येतो. पलंगासारखं सपाट झोपायचं म्हणून तुम्ही ताणून ताणून तो कोन 10 अंशांवर आणलात, तर 170 किलोंच्या वर! त्यात गाठ मारली की दोरी त्या जागी कमजोर होते, काही गाठींत तर जवळजवळ निम्मी. तेव्हा हॅमॉकला थोडा झोल राहू द्या. झोळीच ती शेवटी.

रविवार पेठेतली बोहरी आळी गाठली. "काका, गाठ सुटणार नाही अशी दोरी द्या." काकांनी चष्म्यावरून बघितलं. "काय बांधायचंय? बॅग की बैल?"

"मित्र."

काकांनी न हसता चार तुकडे समोर टाकले. "गाठी मारून बघ, मग बोल."

हा फंडा खरंच भारी आहे. गिर्यारोहणाच्या दोरांची युरोपात अशीच चाचणी होते. साधी गाठ मारून तिला 10 किलोंचा ताण देतात, मग तो 1 किलोवर आणतात आणि गाठीच्या आत किती फट उरली ते मोजतात. दोराच्या जाडीच्या 1.1 पटीहून जास्त उरली तर दोर नापास. दुकानात एवढं कोण मोजणार? गाठ ओढा, सोडा, बघा. मिटली तर पास. निळी-पिवळी प्लॅस्टिकची दोरी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, स्प्रिंगसारखी उघडली. शिवाय उन्हात काही महिन्यांत तिचा भुसा पडतो. ती कपडे वाळत घालायलाच ठीक.

पॅराकॉर्डची गाठ मस्त बसते. दुसऱ्या महायुद्धात पॅराशूटला हीच होती. पण ती नायलॉनची, भिजली की लांबते. संध्याकाळी टणक ताणलेली ताडपत्री पहाटे पोट सुटल्यासारखी लोंबते. आपल्या पावसात नकोच. मी घेतली पॉलिएस्टरची विणलेली, 3 मिलिमीटरची. ओली झाली तरी ताण सोडत नाही, आणि पृष्ठभाग किंचित खरखरीत. तुम्हाला तो जिमवाला धागाच हवा असेल तर वरून पॉलिएस्टरचं विणलेलं कव्हर असलेली बघा. गाठीत कव्हरच कव्हरला घासतं, आतला कितीही बुळबुळीत असो.

ही बारीक दोरी फक्त ताडपत्रीला बरं का! तिची शेवटची गाठ सुरगाठ ठेवा, म्हणजे सकाळी गारठलेल्या बोटांनी एका झटक्यात सुटते. माणसाच्या वजनाला मात्र जाड दोरी, आणि झाडाभोवती इंचभर रुंद पट्टा. बारीक दोरी झाडाची साल कापते.

रूममेट परत यायला तयार झालाय. अट एकच. हॅमॉक बांधून झाला की पहिला अर्धा तास त्यात मी झोपायचं.